'फ्लिकर' : थरथरत्या उजेडाच्या एका शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणाऱ्याला 'फ्लिकर' हा शब्द हटकून अडवतो. कथेत मेणबत्ती फ्लिकर होते, नायिकेच्या पापण्या फ्लिकर होतात, म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर ओळखीचा फ्लिकर दिसतो आणि दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन येऊन सांगतो की लाइट फ्लिकर होतेय. शब्द एकच, पण मराठीत प्रत्येक वेळी वेगळा शब्द शोधावा लागतो. या शब्दाबद्दल मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

'फ्लिकर'चा नेमका अर्थ काय?

शब्दकोशात बहुधा 'लुकलुकणे', 'मिणमिणणे' असे अर्थ मिळतात. ते चूक नाहीत, पण त्यांत शब्दाचा गाभा निसटतो. फ्लिकर म्हणजे भरभर होणारी, हलकी, अनियमित हालचाल. हलणारी गोष्ट उजेड असेल तर तो थरथरता उजेड. पण हलणारी गोष्ट सापाची जीभ असू शकते, भिंतीवरची सावली असू शकते किंवा मनात क्षणभर डोकावलेली शंकाही असू शकते. हालचाल आधी, उजेड नंतर. शब्दाचा इतिहासही याच क्रमाने जातो.

हा शब्द आला कुठून?

पक्ष्यांच्या पंखांतून. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत 'फ्लिकोरिअन' असं क्रियापद होतं. त्याचा अर्थ पंख फडफडवणे, हलके हलके पंख मारणे. त्यात उजेडाचा मागमूसही नव्हता.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी कवी चॉसरने 'कँटरबरी टेल्स' लिहिल्या. त्यातल्या सरदाराच्या कथेत व्हीनसच्या मंदिराचं वर्णन येतं. तिथे देवीच्या मूर्तीच्या डोक्यावर कबुतरं 'फ्लिकर' करत आहेत. आजचा इंग्रजी वाचक ही ओळ पहिल्यांदा वाचतो तेव्हा थबकतो. कबुतरं लुकलुकतात कशी? ती लुकलुकत नाहीत, फडफडतात. चॉसरच्या काळी शब्द अजून पंखांपाशीच होता.

शब्दाची बनावट आवाजावरून झाली असावी असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. डच भाषेत 'फ्लिकरन' म्हणजे चमकणे, जर्मनमध्ये 'फ्लाकर्न' हे ज्योत हलण्याचं क्रियापद.

मग त्यात उजेड कधी शिरला?

१६०० च्या आसपास. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकात केंट या पात्राच्या तोंडी मुद्दाम फुगवलेल्या भाषेतलं एक वाक्य आहे आणि त्यात सूर्यदेव फीबसच्या कपाळावरच्या तेजाला हा शब्द लावला आहे. १६०८ ची छापील प्रत आणि १६२३ चा फोलिओ (शेक्सपिअरच्या नाटकांचा मोठा छापील संग्रह) यांत त्या शब्दाचं स्पेलिंग वेगवेगळं आहे, आणि आजच्या नेहमीच्या 'फ्लिकरिंग'शी दोन्ही जुळत नाहीत. नंतरच्या संपादकांनी तो 'फ्लिकरिंग' असा वाचला. नव्या अर्थाने आलेला शब्द छापखान्यातच अडखळला, हे मला फार बोलकं वाटतं.

तरी हा अर्थ लगेच रुळला नाही. ज्योतीला, दिव्याला, चुलीतल्या जाळाला सर्रास 'फ्लिकर' म्हणण्याची सवय इंग्रजीला लागली ती एकोणिसाव्या शतकात. 'थरथरता उजेड' या अर्थाचं नामही त्याच शतकातलं. म्हणजे आज जो अर्थ आपण पहिला समजतो, तो शब्दाच्या आयुष्यात बराच उशिरा आला.

पंखांवरून उजेडावर ही उडी विचित्र नाही का?

मुळीच नाही. मराठीनेही तीच उडी मारली आहे, तीही इंग्रजीकडे न बघता.

तेल संपत आलेल्या दिव्याकडे नीट बघा. ज्योत आधी बुटकी होते, वातीच्या टोकाशी निळसर पडते, मग एकदम लांब होऊन एका बाजूला झुकते, परत मागे येते, वातीपासून सुटल्यासारखी होते आणि पुन्हा चिकटते. यासाठी आपण काय म्हणतो? दिवा फडफडतो. विझायच्या आधी ज्योत फडफडते. फडफड मुळात पंखांची, कपड्याची, पानांची. ज्योतीला ना पंख ना पान, तरी हा शब्द वापरताना आपण क्षणभरही विचार करत नाही.

एवढंच नाही. 'डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच' म्हणतो आणि 'वीज लवली' असंही म्हणतो. एकच 'लवणे' पापणीलाही आणि विजेलाही. संस्कृतकडे मागे गेलं तर हे आणखी ठळक होतं. विजेला चपला, चंचला म्हणतात, म्हणजे एका जागी न ठरणारी. 'तरल' म्हणजे थरथरणारं आणि चमकणारंसुद्धा. 'स्फुर्' धातूत कंप आहे आणि चमकही आहे. ओठ स्फुरतात, तेज स्फुरतं, आणि कल्पना स्फुरते तेव्हा हे दोन्ही एकदम होत असावं.

गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला दिलेली दिव्याची उपमा सगळ्यांना माहीत असते: 'यथा दीपो निवातस्थो नेङ्गते'. वारा नसलेल्या जागी ठेवलेला दिवा हलत नाही. 'इङ्गते' म्हणजे निव्वळ हलणे. अनेक इंग्रजी अनुवादांत इथे 'फ्लिकर होत नाही' असं येतं. मूळ हालचालीच्या शब्दासमोर मुळात हालचालीचाच शब्द ठेवला गेला, म्हणून तो इतका नेमका बसतो.

शेवटच्या 'अर'ला काही अर्थ आहे का?

आहे. इंग्रजीत क्रियापदाच्या शेवटी येणारा हा 'अर' बऱ्याचदा 'पुन्हा पुन्हा, थोडं थोडं' असं सुचवतो. फ्लटर, ग्लिटर, शिमर, चॅटर, पॅटर ही सगळी याच घरातली.

मराठी हेच काम शब्द दुप्पट करून करते. फडफड, थरथर, लुकलुक, मिणमिण, लखलख, चमचम. एकदा 'लख्ख' झालं की एकच झळाळी, 'लखलख' म्हटलं की झळाळीची मालिका. इंग्रजीने शेपूट लावलं, मराठीने शब्दच दोनदा उच्चारला. मला आपली रीत जास्त आवडते, कारण उच्चारतानाच जिभेला ती लय करावी लागते.

'फ्ल'ने सुरू होणारे इतके इंग्रजी शब्द हलते कसे?

फ्लटर, फ्लॅप, फ्लाय, फ्लिट, फ्लॅश, फ्लेअर. आवाजाचा एखादा तुकडा अनेक शब्दांत सारखाच भाव घेऊन फिरतो, तेव्हा त्याला भाषाशास्त्रात 'फोनीस्थीम' म्हणतात. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९३० मध्ये ही संज्ञा वापरात आणली. 'ग्ल'चं असंच एक कुटुंब आहे, ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिंट, आणि तिथे भाव चमकण्याचा.

पण आवाज सारखा म्हणून मूळ सारखं असं धरू नये. 'फ्लेम' लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला, त्याचा फ्लिकरशी रक्ताचा संबंध नाही. 'फ्लॅश' आधी पाण्यासाठी होता: पाणी उसळणे, शिंतोडे उडणे. एक शब्द पंखांतून आला, दुसरा पाण्यातून, आणि दोघेही उजेडात येऊन भेटले.

फ्लिकर, ट्विंकल, ग्लिमर, शिमर, ग्लिंट. फरक काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर कोष्टकात बसत नाही. मी स्वतःला एकच विचारतो: उजेडाचं नेमकं काय होतंय?

ट्विंकलमध्ये एक छोटा, दूरचा ठिपका उघडमीट करतो. हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'डोळे मिचकावणे' अशा अर्थाच्या क्रियापदावरून आला. इथे मराठीत जोडीदार आयता आहे. लुकलुकणारे तारे आणि लुकलुकणारे डोळे, दोन्हींना आपला एकच शब्द. ताऱ्यांचं लुकलुकणं प्रत्यक्षात वातावरणामुळे होतं. वर-खाली फिरणारे हवेचे गरम-गार थर ताऱ्याचा किरण किंचित इकडे-तिकडे वळवतात. ग्रह ठिपक्याऐवजी चकतीसारखे असतात, म्हणून ते सहसा स्थिर दिसतात.

ग्लिमरमध्ये मुख्य गोष्ट अशक्तपणा. उजेड आहे, पण पुरेसा नाही. मिणमिणता दिवा तो हाच.

शिमर पसरलेल्या पृष्ठभागावर होतो, पाण्यावर, रेशमावर, तापलेल्या रस्त्यावरच्या हवेत. 'झिलमिल' हा त्याच्या जवळचा शब्द.

ग्लिंट एकदाच, कडक, बहुधा धातूवरून किंवा काचेवरून येणारा. सुऱ्याच्या पात्यावर क्षणभर उमटलेली चकाकी.

आणि फ्लिकर? तिथे उजेड देणारी गोष्ट स्वतःच अस्थिर असते. ती जाईल की राहील याची खात्री नसते. या अनिश्चिततेमुळे कथा-कवितांना हा शब्द इतका प्यारा आहे.

'लॅम्बंट' हा शब्दही थरथरत्या ज्योतीसाठी असतो ना?

हो, आणि माझ्या मते तो या सगळ्यांत देखणा आहे. लॅटिन 'लाम्बेरे' म्हणजे चाटणे. पृष्ठभागाला न जाळता त्यावरून अलगद फिरणारी ज्योत ती लॅम्बंट. जणू जीभ फिरते आहे.

मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. ज्वाळा लवलवतात आणि जीभही लवलवते. मुंडकोपनिषदात अग्नीच्या सात जिभांची नावं आहेत: काली, कराली, मनोजवा, सुलोहिता, सुधूम्रवर्णा, स्फुलिंगिनी, विश्वरुची. आणि या सातही जिभांना तिथे 'लेलायमाना' म्हटलं आहे, म्हणजे लवलवणाऱ्या. लॅटिन आणि संस्कृत, दोन्हीकडे आगीला जीभच दिसली.

सिनेमाला इंग्रजीत 'फ्लिक' म्हणतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

थेट आहे. सुरुवातीच्या मूकपटांत पडद्यावरचा उजेड सतत थरथरायचा, म्हणून बोलीत त्यांना 'फ्लिकर्स' म्हणू लागले आणि १९२० च्या दशकात त्याचं आखूड रूप 'फ्लिक' झालं. (टिचकी मारणे किंवा चाबकाचा हलका फटका या अर्थाचा 'फ्लिक' वेगळा. तो पंधराव्या शतकापासून आहे आणि फ्लिकरपेक्षा वयाने लहान आहे.)

थरथर जाण्याचं कारण यांत्रिक होतं. प्रोजेक्टरमध्ये एक चित्र सरकून दुसरं येईपर्यंत उजेड झाकावा लागतो. सेकंदाला २४ चित्रं दाखवताना फक्त तेवढ्याच वेळा उजेड झाकला तर डोळ्याला धडधड जाणवते. म्हणून उजेड झाकणाऱ्या फिरत्या झडपेला, म्हणजे शटरला, दोन किंवा तीन पाती बसवली. प्रत्येक चित्र दोनदा किंवा तीनदा चमकतं, म्हणजे सेकंदाला ४८ किंवा ७२ वेळा. चित्रं तितकीच, पण थरथर नाहीशी. शब्द मात्र मागे राहिला.

'फ्लिकर' नावाचा पक्षी असतो का?

असतो. उत्तर अमेरिकेतल्या एका सुतारपक्ष्याचं हे नाव. तो इतर सुतारपक्ष्यांसारखा फक्त झाडांवर न राहता जमिनीवर उतरून मुंग्या खातो. नाव त्याच्या ओरडण्यावरून पडलं असावं, किंवा उडताना पंखांखालचा पिवळा रंग चमकून जातो त्यावरून. पंखांतून निघालेला शब्द परत एका पक्ष्यावर जाऊन बसला.

फोटोंची वेबसाइट 'फ्लिकर' हीच का?

शब्द तोच, पण त्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटच्या 'आर'आधीचा 'ई' गाळला आहे. २००४ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या एका छोट्या कंपनीने ती सुरू केली. पूर्ण स्पेलिंगचा पत्ता आधीच दुसऱ्या कुणाकडे होता, म्हणून एक अक्षर कमी केलं. पुढे अनेक नव्या कंपन्यांनी नावातला स्वर गाळायची हीच तऱ्हा उचलली. देवनागरीत लिहिताना हा सगळा फरक पुसला जातो. आपल्याला दोन्ही 'फ्लिकर'च.

लाइट फ्लिकर होते म्हणजे नेमकं काय होतं?

घरातला वीजप्रवाह सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतो आणि प्रत्येक फेरीत दोनदा शिखरावर जातो. त्यामुळे त्यावर थेट चालणारा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतो. जुन्या पिवळ्या बल्बची तार तापलेली राहते आणि इतक्या थोड्या वेळात गार होत नाही, म्हणून तिथे चढउतार किरकोळ असतो. एलईडीत तसा आधार नसतो. आतला ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारं सर्किट, चांगला असेल तर उजेड स्थिर, नसेल तर तो दर क्षणी पडतो आणि उठतो.

हे डोळ्यांना सरळ दिसत नाही, कारण एका वेगापुढे डोळा वेगवेगळ्या चमका एकत्र करून सलग उजेड समजतो. त्या मर्यादेला 'फ्लिकर फ्यूजन' म्हणतात. माणसाच्या बाबतीत ती सेकंदाला साधारण ५० ते ९० चमकांच्या दरम्यान असते आणि उजेड प्रखर असेल तर ती वाढते. अनेक पक्ष्यांची मर्यादा आपल्यापेक्षा वरची असते. आपल्याला स्थिर वाटणारी खोली त्यांना थरथरती दिसू शकते.

दिवा तपासायची एक सोपी युक्ती आहे. अंधाऱ्या खोलीत फक्त तोच दिवा लावा आणि त्याच्या उजेडात पेन्सिल पंख्यासारखी भरभर हलवा. उजेड स्थिर असेल तर पेन्सिलीचा सलग, धूसर पट्टा दिसतो. थरथरता असेल तर पट्ट्याऐवजी सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसतात, जणू कुणी हवेत ओळीने ठेवल्या आहेत. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा कितीतरी वेळ हात थांबवलाच नाही.

डोळ्यांना उघड जाणवणारी लाइटची थरथर वेगळी. तिचं कारण बहुधा सैल जोडणी, खराब झालेला दिवा किंवा कमी-जास्त होणारा व्होल्टेज. व्होल्टेजच्या चढउतारामुळे होणाऱ्या थरथरीलाही वीज अभियांत्रिकीत 'फ्लिकर' हाच शब्द आहे. सेकंदाला सुमारे ९ चढउतार होतात तेव्हा माणसाला ती सर्वांत जास्त टोचते.

थरथरता उजेड अपायकारक असतो का?

काही लोकांसाठी, होय. प्रकाशसंवेदनशील अपस्मार असलेल्यांना ठरावीक वेगाच्या चमकांनी झटका येऊ शकतो. सेकंदाला १५ ते २५ चमका हा पट्टा विशेष धोक्याचा. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' मालिकेच्या एका भागात लाल-निळा उजेड सेकंदाला सुमारे १२ वेळा आळीपाळीने चमकला आणि ६०० हून अधिक जणांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं. वेबपानांसाठीच्या सुलभतेच्या नियमांत सेकंदाला ३ पेक्षा जास्त चमका नकोत असं सांगितलेलं असतं. असा त्रास असलेल्याने डॉक्टरांशी बोलावं.

वारा नसतानाही ज्योत का हलते?

एकटी मेणबत्ती बंद खोलीत बऱ्यापैकी स्थिर जळते. तीन-चार मेणबत्त्या एकत्र बांधून पेटवल्या की ज्योत आपोआप धडधडू लागते, सेकंदाला साधारण दहा वेळा. तापलेले वायू वर धावतात, बाजूची गार हवा आत येते आणि दोन्ही घासतात तिथे भोवऱ्यांची कडी तयार होतात. ती कडी वर सरकताना ज्योतीला मधेच आवळतात. अवकाशयानात वजनरहित स्थितीत गरम हवा वर जातच नाही, म्हणून तिथली ज्योत गोल, निळसर आणि स्थिर असते.

'आशेचा फ्लिकर', 'हास्याचा फ्लिकर' मराठीत कसा आणायचा?

'आशेचा किरण' लगेच सुचतो आणि तिथेच फसायला होतं. किरण सरळ असतो, ठाम असतो. फ्लिकरमधली आशा विझूही शकते. संदर्भ बघून मी 'आशा क्षणभर लुकलुकली' किंवा 'आशेची ज्योत अजून फडफडत होती' असं लिहितो. पहिल्यात आशा नुकती दिसली आहे, दुसऱ्यात ती जायच्या बेतात आहे. इंग्रजी वाक्य दोन्ही पोटात घेतं, मराठीला एक बाजू निवडावी लागते.

चेहऱ्यावरच्या भावांसाठी 'तरळणे' अतिशय नेमका आहे. 'तिच्या ओठांवर हसू तरळून गेलं.' त्यातला तरल तोच, थरथरणारा आणि चमकणारा. पापण्यांसाठी 'थरथरल्या' किंवा 'लवल्या'. सापाच्या जिभेसाठी 'लवलवली', तिथे दुसरा शब्द शोधूही नये.

मराठीत 'फ्लिकर होणे' असं सरळ वापरलं तर चालेल का?

दिव्यासाठी, स्क्रीनसाठी, विजेच्या कामासाठी खुशाल वापरा. 'स्क्रीन फ्लिकर होतेय' हे वाक्य दुरुस्ती करणाऱ्याला एका दमात कळतं. त्याऐवजी 'पडदा थरथरतोय' म्हटलं तर तो खिडकीकडे बघेल.

पण वातीच्या टोकाशी आलेल्या ज्योतीसाठी 'फ्लिकर' लिहू नये असं मला मनापासून वाटतं. तिथे फडफड आहे, आणि ती इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या त्याच पंखांची आहे.